नाक कुणाचे, तोंड कुणाचे?

'नाक दाबले की तोंड उघडते' ही म्हण ज्या कुणी प्रथम उच्चारली, त्याच्या घरी एरंडेलाची बाटली असली पाहिजे. आमच्या पिढीच्या वाचकांना अधिक सांगायला नको. आजी एका हाताने नाक धरी, दुसऱ्या हातातला चमचा तयार ठेवी, आणि मिनिटाच्या आत भला मोठा बंडखोर शरण येई. हा उपाय इतका हमखास का लागू पडतो, याचा विचार करण्याच्या मनःस्थितीत त्या वेळी आपण नसतो. तो आज सवडीने करू. नाक आणि तोंड एकाच चेहऱ्यावर असतात, ही पहिली गोष्ट. ज्याचा श्वास कोंडतो त्यालाच तोंड उघडता येते, ही दुसरी. आणि तोंड उघडून नेमके काय गिळायचे आहे, हे त्याला पक्के ठाऊक असते, ही तिसरी. तिन्ही जुळल्या तर म्हण खरी ठरते. एक जरी हुकली, तर पोर घुसमटते आणि एरंडेल चमच्यातच राहते.

हीच म्हण राष्ट्रांनीही उचलली आहे. एखादे सरकार ऐकेना, की त्याच्याशी देवघेव बंद करावी, त्याचा बँकांतला पैसा गोठवावा, त्याची जहाजे अडवावीत, त्याच्याकडे जाणारे तेल, धान्य, यंत्रे थांबवावीत. याला सभ्य भाषेत 'आर्थिक निर्बंध' म्हणतात. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत त्याची 'नाकेबंदी' होते. भाषेचा मास्तर म्हणून एवढे सांगणे माझे कर्तव्य आहे की, नाकेबंदीतला 'नाका' हा जकातनाक्यातला नाका होय. चेहऱ्यावरच्या नाकाशी त्याचे नाते नाही. पण लोकांच्या मनात या दोहोंची गल्लत झाली आहे, आणि ती अगदीच वावगी म्हणता येणार नाही. नाके बंद केले की कुणाचे ना कुणाचे नाक दाबले जातेच. कुणाचे, एवढाच प्रश्न उरतो. आणि आजचा सगळा लेख त्या एका प्रश्नापुरता आहे.

वाशीम जिल्ह्यात, कारंजा तालुक्यातल्या कामरगावात राहून मुलांना मराठी शिकवणाऱ्याने राष्ट्राराष्ट्रांच्या भांडणात पडू नये, असे काही वाचकांना वाटेल. त्यांनी थोडा धीर धरावा. या भांडणांत कामरगावचाही संबंध येतो, तो ओघाने येईलच.

खेड्यात राहणाऱ्याला ही विद्या तशी नवी नाही. तिचे देशी नाव 'वाळीत टाकणे'. पंचांनी बसून ठरवायचे, की अमक्या घराशी रोटीबेटी बंद, विस्तव-पाणी बंद, त्याच्या मयताला खांदा द्यायचा नाही, त्याच्या लग्नाला कुणी जायचे नाही. अपराध बहुधा एका माणसाचा असे, किंवा नसेही. पण पाणवठ्यावरून रिकामी घागर घेऊन परत येई ती त्याची बायको, आणि शाळेच्या ओट्यावर एकटे बसे ते त्याचे पोर. पंचांचा रोष ज्याच्यावर, तो कर्ता पुरुष मात्र पुष्कळदा अधिकच हट्टाला पेटे. या प्रथेने इतके संसार पोळले, की महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा मंजूर केला आणि २०१७ साली तो अमलात आला. गावाने जे करणे हा आपण गुन्हा ठरवला, तेच राष्ट्रांनी केले तर त्याला मुत्सद्देगिरी म्हणतात. या दोहोंत फरक आहे हे मलाही कळते. पण पाणवठ्यावरची रिकामी घागर दोन्हीकडे सारखीच दिसते.

उलट घरगुती निर्बंधाचे एक उदाहरण असे आहे की ज्याच्या यशाविषयी कुणालाच शंका नाही. ते म्हणजे नवरा-बायकोचा अबोला. तो सहसा रात्रीच्या जेवणापलीकडे टिकत नाही. कारण उघड आहे. माणसे दोनच, घर एक, मागणी दोघांनाही ठाऊक, आणि ज्याने अबोला धरला त्यालाही त्याचा तितकाच जाच होतो. शिवाय माघार घेणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही. 'चहा टाकू का?' एवढ्या तीन शब्दांत तह होतो. जगातल्या परराष्ट्रमंत्र्यांनी अभ्यास करावा अशी ही संस्था आहे. असो.

आता खऱ्या प्रकरणाकडे वळू. त्यासाठी फार दूर जायला नको. स्वतंत्र भारताने आपल्याच भाषेच्या, आपल्याच नात्यागोत्याच्या माणसांभोवती एकदा अशी नाकेबंदी उभी केली होती. ती गोव्याची. हेतू रास्त होता, शत्रू खरा होता, आणि तरीही त्या सहा वर्षांतून जे शिकण्यासारखे आहे ते आपण फारसे शिकलो असे वाटत नाही. १९ डिसेंबर आला की आपण गोव्याच्या मुक्तीची आठवण काढतो ती सैन्याच्या दीड दिवसाची. त्याआधीची सहा वर्षे कुणाला फारशी आठवत नाहीत.

१९४७ साली इंग्रज गेले; पोर्तुगीज हलले नाहीत. लिस्बनमध्ये सालाझार नावाचा हुकूमशहा बसला होता. १९५१ साली त्याने आपल्या राज्यघटनेत दुरुस्ती केली आणि वसाहतींना 'सागरपार प्रांत' असे नवे नाव दिले. म्हणजे गोवा ही वसाहतच नव्हे, ती पोर्तुगालचीच भूमी. मग सोडायचे काय आणि कुणाला? १९५३ साली भारताने लिस्बनमधली आपली वकिलात बंद केली. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेली स्वयंसेवकांनी मोकळी केली. त्या मोहिमेत आपले सुधीर फडकेही होते, हे गीतरामायणाच्या श्रोत्यांना सांगितले की अजून अचंबा वाटतो. १९५५ साली सत्याग्रहींच्या तुकड्या सीमा ओलांडू लागल्या. नानासाहेब गोरे, सेनापती बापट, मधु लिमये अशी माणसे गेली. त्यांनी मार खाल्ला, काहींनी तुरुंग भोगला. १५ ऑगस्ट १९५५ रोजी नि:शस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या आणि वीसहून अधिक माणसे ठार झाली.

नेहरूंसमोर तेव्हा मोठा पेच होता. जगाला शांततेचे धडे देणाऱ्या देशाने सैन्य घालावे, तर शब्दाला शब्द जुळत नाही. स्वस्थ बसावे, तर मुंबईत आणि पुण्यात लोक पेटलेले. या पेचातून जी वाट काढली गेली ती नाकेबंदीची. सप्टेंबर १९५५ पासून गोव्यातली वकिलात बंद झाली. कॅसलरॉकच्या घाटातून खाली कुळ्याकडे उतरणारी आगगाडी थांबली. व्यापार बंद, परवान्याशिवाय ये-जा बंद, आणि गोव्यात पैसे पाठवणे बंद. एका गोष्टीचे श्रेय या धोरणाला दिलेच पाहिजे: त्यात बंदूक नव्हती. गोळीबाराच्या महिन्याभरात ज्या सरकारने बंदुकीऐवजी कुलूप निवडले, त्याला निष्ठुर म्हणता येणार नाही.

पण कुलूप लागले ते कुणाच्या दाराला? गोव्याची वस्ती तेव्हा सहा लाखांच्या आसपास. घरटी एखादा तरी माणूस मुंबईला असायचा. कुणी गिरगावच्या चाळीत राहून पेढीवर लिहीत असे, कुणी धोबीतलावच्या 'कुडा'त पथारी टाकून बोटीवरच्या नोकरीची वाट बघे, कुणी बँडमध्ये व्हायोलिन वाजवी, कुणी कुठल्या घरी स्वयंपाकाला असे. गोव्यातली कितीतरी घरे या माणसांच्या मनीऑर्डरीवर चालत. ती मनीऑर्डर एका आदेशाने थांबली. म्हापशाच्या म्हाताऱ्या आईचा लिस्बनच्या सालाझारशी संबंध एवढाच, की त्याच्या पोलिसांना ती भीत असे. पण दर महिन्याला टपालवाल्याची वाट बघायची सवय मोडावी लागली ती तिला. माहेर सावंतवाडीला आणि सासर डिचोलीला, अशा बाईला भावाच्या लग्नाला जायचे तर परवाना पाहिजे. नारळ, सुपारी, काजू यांना घाटावरची आणि मुंबईची जी पेठ होती ती तुटली. इकडे बेळगावचा भाजीवालाही आपले गिऱ्हाईक गमावून बसला.

आणि सालाझार? त्याने आपल्या तिजोरीचे तोंड मोकळे सोडले. घाटावरून बटाटे येईनात, तर हॉलंडहून आणले. चहा सिलोनचा, तांदूळ आणि भाजी पाकिस्तानची, सिमेंट जपानचे. दाबोळीला विमानतळ उभा राहिला, पोर्तुगीज हिंदुस्थानची स्वतंत्र विमानकंपनी निघाली आणि तिची विमाने कराचीकडे उडू लागली. याच वर्षांत गोव्याच्या लोखंडाच्या खाणींना बरकत आली. युद्धानंतर उभारणाऱ्या जपानला आणि पश्चिम जर्मनीला खनिज हवे होते. मुरगावच्या बंदरातून ते जाऊ लागले, आणि १९६१ साली ही निर्यात साठ लाख टनांच्या वर गेली. खाणमालकांची, आयातदारांची चंगळ झाली. पणजीच्या दुकानांत परदेशी घड्याळे, दारू, कापड, अत्तरे यांची रेलचेल झाली. त्यातले बरेचसे सोन्यासह चोरवाटांनी घाट चढून आपल्याकडे येई. ज्या बंदीने गोवा सुकायचा, तिने चोरट्या व्यापाऱ्यांचे मळे पिकवले.

याचा अर्थ बंदी अगदीच वाया गेली असा नाही. पोर्तुगालला गोवा महाग पडू लागला, आणि प्रश्न जगासमोर जिवंत राहिला. पण ज्या एका कामासाठी ती लावली होती, ते काम सहा वर्षांत झाले नाही. शेवटी १७ डिसेंबर १९६१ च्या रात्री सैन्य हलले आणि १९ तारखेच्या संध्याकाळी गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्व्हा शरण आला. अखेरच्या माणसापर्यंत लढण्याचा सालाझारचा हुकूम त्याने मोडला, म्हणून गोवा बेचिराख होण्याचे वाचले. सालाझार १९६८ पर्यंत सत्तेवर राहिला. गोवा गेला हे त्याने कधीच मान्य केले नाही. पोर्तुगालने ते कबूल केले १९७४ साली, तेही तिथली हुकूमशाही तिथल्याच लोकांनी उलथल्यावर. नाक म्हापशाला दाबले होते आणि तोंड लिस्बनला होते. मध्ये समुद्र होता.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हुकूमशहा टंचाईला भीत नाही. टंचाईच्या काळात वाटप त्याच्या हाती येते आणि तो आणखी बळावतो. रेशनच्या दुकानासमोर रांगेत उभे राहिलेल्या वाचकांना हे लगेच पटेल. दुकानात माल भरपूर असतो तेव्हा दुकानदार आपल्याला 'या, बसा' म्हणतो. माल कमी झाला की त्याच्या तोंडाकडे आपण बघू लागतो. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत गिळले आणि चारच दिवसांत संयुक्त राष्ट्रांनी इराकवर जवळजवळ संपूर्ण बंदी घातली. ती २००३ पर्यंत, म्हणजे तेरा वर्षे चालली. इराक आपल्या अन्नाचा मोठा भाग बाहेरून आणत असे. बंदी येताच सद्दामने शिधापत्रिका काढल्या, आणि कालपर्यंत त्याला मनात शिव्या देणारा बगदादचा गृहस्थ आज पिठासाठी, साखरेसाठी त्याच्याच दुकानाशी बांधला गेला. पाणी शुद्ध करणारी केंद्रे मोडकळीस आली, पगाराच्या नोटांना किंमत उरली नाही, शिक्षकांनी पुस्तके विकली. संयुक्त राष्ट्रांच्या वतीने मदतकार्य पाहणारे डेनिस हॅलिडे यांनी १९९८ साली आणि त्यांच्या जागी आलेले हान्स फॉन स्पोनेक यांनी २००० साली, या बंदीत आपला हात नको म्हणून राजीनामे दिले.

त्या बंदीत पाच लाख मुले दगावली, असा आकडा तेव्हा जगभर फिरला. सद्दामच्या पाडावानंतर ज्या पाहण्या झाल्या त्यांत तो टिकला नाही. आकड्यांत त्याच्याच सरकारने हात घातला होता, असे लंडनच्या अभ्यासकांनी २०१७ साली दाखवून दिले. यावरून 'मग काही झालेच नाही' असे म्हणणारे म्हणोत. मला त्यातून निराळेच दिसते. ज्या राजाचे नाक दाबायचे होते त्याने प्रजेच्या घुसमटीचे भांडवल केले, आणि तेही वाढवून विकले. दुःख प्रजेचे आणि त्यावरचे व्याज राजाचे.

हाच खेळ आधी इटलीत झाला होता. मुसोलिनीने १९३५ साली अबिसीनियावर स्वारी केली, तेव्हा राष्ट्रसंघाने इटलीवर निर्बंध लादले. त्यांत तेल नव्हते, आणि सुवेझचा कालवा उघडाच होता. म्हणजे नाक दाबले ते दोन बोटांनी, अगदी हलके. पण अपमानाचे भांडवल करायला तेवढे पुरले. १८ डिसेंबर १९३५ रोजी रोममध्ये राणीपासून सामान्य स्त्रियांपर्यंत हजारो बायकांनी आपल्या लग्नाच्या सोन्याच्या अंगठ्या देशासाठी काढून दिल्या. आपल्याकडे मंगळसूत्र काढून देण्यासारखेच ते. ज्याला लोक कदाचित वैतागले असते, त्याच्यामागे जगाच्या रागाने त्यांना उभे केले. १९३६ च्या मे महिन्यात आदिस अबाबा पडले आणि जुलैत निर्बंध मुकाट्याने उठले.

एवढे वाचून कुणी म्हणेल, मग हा उपायच टाकाऊ. तसे म्हणायला मी तयार नाही, कारण दक्षिण आफ्रिका डोळ्यांसमोर आहे. १९४६ साली, स्वतः स्वतंत्र होण्याच्याही आधी, हिंदुस्थानने तिथल्या वर्णद्वेषी सरकारशी व्यापार तोडला. असे करणारा तो पहिला देश. १९७४ साली डेव्हिस चषकाच्या अंतिम सामन्यात आपली गाठ दक्षिण आफ्रिकेशी होती. अमृतराज बंधूंचा संघ ऐन भरात होता, चषक कधी नव्हे तो हाताशी आला होता. भारताने खेळायलाच नकार दिला आणि चषक त्यांना बिनखेळता मिळाला. पुढे १९८५ साली न्यूयॉर्कच्या मोठ्या बँकेने कर्जाची मुदत वाढवायचे नाकारले, १९८६ साली अमेरिकेच्या काँग्रेसने अध्यक्ष रेगन यांचा विरोध मोडून निर्बंधांचा कायदा केला, आणि ११ फेब्रुवारी १९९० रोजी मंडेला तुरुंगातून बाहेर आले. केवळ निर्बंधांनी हे झाले असे नव्हे. मुख्य लढा तिथल्या लोकांचाच होता. पण निर्बंधांचा हातभार कुणी नाकारत नाही.

तिथे काय निराळे होते? आमच्याशी व्यापार तोडा, असे ॲल्बर्ट लुथुली यांच्यासारख्या आफ्रिकी पुढाऱ्यांनी १९५९ सालीच जगाला विनवले होते. म्हणजे ज्यांना झळ लागणार त्यांनीच ती मागून घेतली. दुसरे, ज्या गोऱ्या समाजाचे नाक दाबले गेले त्यालाच मत होते, त्यालाच सरकार बदलता येत होते. आणि मागणी शाळकरी पोरालाही कळेल अशी होती: सर्वांना सारखे माणूस माना. एरंडेलाच्या तिन्ही अटी तिथे जुळल्या. आपल्याकडचा १९०५ सालचा बहिष्कारही याच जातीचा. विदेशी कापडाची होळी पुण्यात झाली तेव्हा जळले ते आपल्याच अंगावरचे कापड. झळ आधी स्वतः सोसून मग ती दुसऱ्याला लावण्याची हिंमत त्यात होती.

निर्बंधांच्या यशापयशाची मोजदादही झाली आहे. हफबाऊर, शॉट आणि एलियट या अमेरिकेतल्या तिघा अभ्यासकांनी पहिल्या महायुद्धापासूनची ११५ प्रकरणे तपासली आणि ४० यशस्वी ठरवली. म्हणजे तिनात एक. १९९७ साली रॉबर्ट पेप यांनी तीच ४० प्रकरणे पुन्हा उलगडली आणि म्हटले, यांतली बरीचशी खरी म्हणजे लष्कराच्या बळावर सुटली. निर्भेळ यश फार तर पाचांचे. आमच्या परीक्षेच्या भाषेत बोलायचे तर एका परीक्षकाने पस्तिसाच्या जवळ आणून सोडले, दुसऱ्याने सपशेल नापास केले. पहिल्या वर्गाची भाषा कुणीच करत नाही.

आपण स्वतःही ही गोळी चाखली आहे. १९९८ च्या मे महिन्यात पोखरणला स्फोट झाले आणि अमेरिका, जपान आदींनी कर्जे व मदत रोखली. सरकारने त्याच ऑगस्टमध्ये परदेशस्थ भारतीयांसाठी रोखे काढले आणि चार अब्ज डॉलरहून अधिक रक्कम गोळा झाली. २००१ च्या सप्टेंबरात अमेरिकेने ते निर्बंध बरेचसे उठवले. अणुबाँब जिथे होता तिथेच राहिला. त्याआधी १९८० च्या दशकात अमेरिकेने भारताला हवा होता तसा महासंगणक द्यायचे नाकारले. तेव्हा पुण्याला सी-डॅक ही संस्था निघाली आणि १९९१ साली 'परम' उभा राहिला. त्याचे कर्ते डॉ. विजय भटकर हे आमच्या शेजारच्या मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे, हे आम्ही कामरगावकर पाहुण्यांना चहाबरोबर सांगतो. मात्र हा अभिमान सांगताना एक भान ठेवावे. शंभर कोटींचा, शेतीचा, शिकलेल्या माणसांचा देश होता म्हणून आपल्याला ते झेपले. लहान देशातल्या आजाऱ्याला असा 'परम' घडवता येत नाही.

आता कामरगाव. राष्ट्रांच्या या कुस्तीत तिसऱ्याचेच नाक कसे सापडते, ते आमच्याइतके कुणाला ठाऊक नसेल. १८६१ च्या एप्रिलात लिंकनने अमेरिकेतल्या दक्षिणी राज्यांच्या बंदरांना वेढा घातला. तिकडचा कापूस अडकला, लँकेशरच्या गिरण्या थांबल्या, तिथले लाखो मजूर धर्मादाय अन्नावर आले. आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. ज्वारीची रानेही कापसाखाली गेली. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले, मुंबईच्या पेढ्या बुडाल्या आणि इथल्या शेतकऱ्याच्या हाती सावकाराचा कागद उरला.

दीडशे वर्षांनी पीक बदलले, गोष्ट तीच राहिली. आता आमच्या रानांत सोयाबीन असते. इराणवर अमेरिकेचे निर्बंध होते तेव्हा भारताने २०१२ पासून एक तोड काढली होती. इराणच्या तेलाचे पैसे रुपयांत युको बँकेच्या खात्यात जमा करायचे, आणि इराणने त्या रुपयांतून इथला बासमती, चहा, औषधे आणि सोयाबीनची ढेप, जिला बाजारात डीओसी म्हणतात, विकत घ्यायची. ही ढेप इराणच्या कोंबड्या खात आणि त्यातला एक वाटा वाशीम-अकोल्याच्या सोयाबीनचा असे. २०१९ च्या मे महिन्यात अमेरिकेने सवलत काढून घेतली, भारताने इराणचे तेल बंद केले, आणि खात्यातले रुपये आटत गेले तशी ती गिऱ्हाइकीही आटली. सोयाबीनचा भाव एकट्या इराणवर ठरत नाही. पाऊस, ब्राझील, खाद्यतेलावरची जकात अशी पुष्कळ कारणे असतात. पण एक मोठे गिऱ्हाईक गेले हे खरेच. हे सगळे मी एकदा एका शेतकरी पालकाला समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हंजे सर, भांडन त्याइचं, अन् मार आमाले काऊन?" माझ्या व्याख्यानात त्याचे उत्तर नव्हते.

इराणमध्ये तर मार याहून जबर होता. कागदावर औषधांना सूट होती. पण पैसे पोचवायला कुठलीही बँक धजेना. कातडी फुलपाखराच्या पंखासारखी निघून येणाऱ्या एका दुर्मीळ रोगाच्या मुलांना जी खास पट्टी लागते, ती स्वीडनहून येत असे. ती येईनाशी झाली. त्या मुलांनी कुणाच्या अणुभट्टीला हात लावला नव्हता.

हे सगळे या वर्षीच्या फराळाबरोबर कशाला, असे कुणी विचारील. कारण असे, की दाबणाऱ्यांच्या रांगेत आता आपणही येत आहोत. आपला देश मोठे गिऱ्हाईक झाला आहे. आपण दार लावले की शेजारच्या घरात अंधार पडतो. २०१५ साली भूकंपाने मोडलेल्या नेपाळच्या सीमेवर ट्रक अडले. नेपाळने आपल्याकडे बोट दाखवले. अडवणूक तिथल्याच आंदोलकांची आहे, असे आपल्या सरकारने सांगितले. खरे-खोटे बाजूला ठेवू. पण ऐन दसरा-दिवाळीत काठमांडूच्या गृहिणी सिलिंडरवाचून लाकडाच्या चुलीपुढे बसल्या, आणि त्यांचे सरकार इंधनासाठी चीनशी करार करून मोकळे झाले.

यापुढे अमक्यावर बंदी घाला, तमक्याची रसद तोडा, अशी आरोळी उठेल तेव्हा टाळी वाजवण्याआधी आपण नागरिकांनी तीन प्रश्न जरूर विचारावेत. ज्याचे नाक दाबले जाणार, त्याला तोंड उघडण्याचा अधिकार आहे का? आपल्याला नेमके काय हवे, आणि ते मिळाल्यावर बंदी उठेल, हे त्याला स्पष्ट सांगितले आहे का? आणि ज्यांच्या चुलीला झळ लागणार, त्यांनी ती मागितली आहे का? तिन्हींची उत्तरे 'होय' असतील, तर बंदुकीपेक्षा हा उपाय शतपटीने बरा, आणि त्याची किंमत आपणही हसत मोजावी. उत्तरे 'नाही' असतील, तर निदान औषध, अन्न आणि आईची मनीऑर्डर एवढी तरी दारे उघडी ठेवण्याचा आग्रह आपण धरू शकतो. शत्रूशी कठोर होण्यात त्याने काही उणे पडत नाही.

मनीऑर्डर पाठवताना पूर्वी आपण पत्ता दोनदा वाचून बघत असू. पैसे भलत्याच्या हाती पडू नयेत म्हणून. शिक्षा पाठवतानाही पत्ता तेवढ्याच काळजीने वाचावा.